ड्रमसेटला माईक किती?

हल्ली गावोगावी वाद्यवृंद झाले आहेत. गणपती असोत, नवरात्र असो, गावची जत्रा असो की कुणाच्या घरची हळद असो. पुढे गायक-गायिका, बाजूला की-बोर्ड, गिटार, ढोलकी आणि मागे चकचकीत ड्रमसेट, हे दृश्य आता आपल्या सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. ह्या मंडळींना हमखास पडणारा एक प्रश्न आज मी बोलायला घेतला आहे. प्रश्न असा की, ड्रमसेटसाठी माईक कोणते घ्यावेत, आणि ते आपल्या खिशाला परवडतील असे कसे निवडावेत?

प्रश्न साधा दिसतो. पण त्यात वर्षभर राबून साठवलेला पैसा गुंतलेला असतो. दुकानात सात माईकांची एक पेटी मिळते. आत फोमच्या खणांत सात माईक ओळीने बसवलेले, झाकण उघडले की डोळे दिपतात. दुकानदार म्हणतो, "घ्या साहेब, पूर्ण सेट होतो." मंडळी हप्त्याने पेटी घेतात. पहिल्या कार्यक्रमाला सातही माईक लावतात, आणि मिक्सरवर गायिकेच्या माईकला जागाच उरत नाही! कशीबशी जागा केली, तर कर्णे शिट्टी मारू लागतात. साऊंडवाला मग एकेक करून ड्रमचे माईक बंद करतो, आणि कार्यक्रम संपेपर्यंत चालू असतात ते दोनच. म्हणजे सातांचे हप्ते भरायचे आणि वापरायचे दोन! तेव्हा खरेदीच्या आधी थोडा विचार केलेला बरा.

माझे सांगणे एका वाक्याचे आहे. वाद्य दिसते म्हणून त्याला माईक देऊ नका. वाद्य ऐकू येत नाही म्हणून द्या. ह्यापुढे जे सांगणार आहे ते ह्याच वाक्याचे स्पष्टीकरण समजा.

प्रथम ड्रमसेट म्हणजे काय ते पाहू. हे एक वाद्य नव्हे, हा वाद्यांचा संसार आहे. पूर्वी पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल एक जण वाजवी, लहान ढोल दुसरा, झांजा तिसरा. पुढे अमेरिकेत विल्यम लुडविग ह्याने पायाने ढोल वाजवण्याच्या पेडलचे पेटंट १९०९ साली घेतले. अशी पेडले चांगली होत गेली तसे तिघांचे काम एकट्याला बसल्या जागी करता येऊ लागले. म्हणून आजच्या ड्रमसेटमध्ये चार स्वभावांचे आवाज एकत्र नांदतात. पायाने वाजणारा बेस ड्रम, त्यालाच वादक मंडळी 'किक' म्हणतात, तो घुमणारा आणि अगदी खालच्या स्वराचा. मांडीशी असलेला स्नेअर, तो कडकडीत, कारण त्याच्या खालच्या पानाला तारा घासतात. मग टॉम, ते अधूनमधून बोलणारे. आणि वर टांगलेल्या झांजा, म्हणजे सिंबल्स. त्यांचा झणत्कार भिंतीपलीकडे जाणारा.

आता एक प्रयोग करा. त्याला पैसा लागत नाही. तालमीच्या वेळी सगळी मंडळी वाजवत असताना, ड्रमला एकही माईक न लावता, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा आणि कान द्या. झांजा ऐकू येतील, आणि बहुधा जरा जास्तच येतील. स्नेअर ऐकू येईल. पण बेस ड्रम? वादकाचा पाय हलताना दिसेल, आवाज मात्र येणार नाही.

असे का व्हावे? बेस ड्रमचा आवाज कमजोर असतो म्हणून नव्हे. आपल्या कानाचीच तशी घडण आहे. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली मोजमापे घेऊन दाखवून दिले की, खालचे स्वर कानाला ऐकू येण्यासाठी मधल्या स्वरांपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, आणि एकंदर आवाज हळू झाला की खालचे स्वर सर्वांआधी हरपतात. बेस ड्रमचा मूळ आवाज सेकंदाला सुमारे पन्नास ते शंभर कंपनांचा. त्यात अंतर वाढले की आवाज उतरतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबलने. मागच्या रांगेपर्यंत जाता जाता बेस ड्रम संपतो, आणि ताल जणू लंगडा होतो. राहुलदेव बर्मन ह्यांच्या गाण्यांचे प्राण ज्या ठेक्यात आहेत, तो ठेका अर्धाच पोहोचतो. आणि लोक म्हणतात, "ड्रमरच्या हातात दम नाही." बिचाऱ्याचा पाय दुखून येतो, आणि वर हे ऐकून घ्यावे लागते!

तेव्हा पहिला माईक बेस ड्रमला. ह्यात दुमत नको.

पण कोणता? इथे माईकच्या जातींविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मुख्य जाती दोन. पहिली डायनॅमिक. हिच्यात एक पातळ पडदा, त्याला चिकटलेले बारीक तारेचे वेटोळे आणि भोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलला की वेटोळे हलते आणि विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. म्हणजे लाऊडस्पीकरच, पण उलट्या कामाला लावलेला. हा माईक दणकट, दणका सोसणारा आणि त्याला बाहेरून वीज लागत नाही. दुसरी जात कंडेन्सर. तिच्यात एकमेकींजवळ ठेवलेल्या दोन पातळ तबकड्या असतात, आणि तिला मिक्सरकडून वीज द्यावी लागते, बहुधा ४८ व्होल्टची. तिलाच 'फँटम पॉवर' म्हणतात. हा माईक बारीकसारीक आवाजही टिपतो. झांजांना तो शोभतो. पण तो शेजारच्या गिटारचेही टिपतो, समोरच्या लाऊडस्पीकरचेही टिपतो, आणि मांडवाबाहेरच्या फटाक्यांचेही!

बेस ड्रमसाठी मोठ्या पडद्याचा डायनॅमिक माईक मिळतो. ह्या कामासाठीच केलेले माईक खालचे स्वर नीट घेतात आणि पेडलच्या गोळ्याचा 'टक्' असा आघातही उचलतात. मधला डबक्यासारखा आवाज ते थोडा दाबतात. गाण्याचा साधा माईक इथे लावला तर 'टक्' मिळेल, 'धम्' मिळणार नाही. म्हणून काटकसर करायची असेल तर ती इतरत्र करा, इथे नको. एकेजी कंपनीचा डी ११२ हा अंड्याच्या आकाराचा माईक ह्या कामात जुना आणि नावाजलेला. पण त्याहून बऱ्याच कमी किमतीतही ह्याच जातीचे माईक आता मिळतात, आणि वाद्यवृंदाच्या कामाला ते पुरतात.

दुसरा माईक स्नेअरला. "स्नेअर तर आपोआप ऐकू येतो असे तुम्हीच म्हणालात!" असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. लहान सभागृहात, शे-दोनशे माणसांत, स्नेअरला माईक लावूच नका. मैदानावर मात्र लावावा लागतो. आणि आनंदाची गोष्ट ही की, तो सर्वांत स्वस्तात होतो. कारण गाण्यासाठी किंवा भाषणासाठी वापरतात तो साधा डायनॅमिक माईक स्नेअरला उत्तम चालतो. शुअर कंपनीने १९६५ साली एसएम ५७ नावाचा माईक काढला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणमंचावर वर्षानुवर्षे दिसतो तो हाच, आणि जगभरच्या रंगमंचांवर स्नेअरच्या काठावर वाकलेला दिसतो तोही हाच! पुढच्याच वर्षी निघालेला एसएम ५८ हा त्याचा भाऊ. पुढची जाळी गोल, पण आतली घडण बव्हंशी तीच. म्हणजे तुमच्याकडे गायकाचा एखादा जादा माईक पडून असेल, तर स्नेअरचा माईक तुम्ही घेऊन चुकला आहात.

पण ह्या नावांचा एक धोका सांगून ठेवतो. ह्या दोन्ही माईकांच्या नकला बाजारात सर्रास विकल्या जातात. रंग तोच, अक्षरे तीच, खोकेही तसेच. किंमत निम्म्याहून कमी दिसली की समजा, पाणी मुरते आहे. अस्सल एसएम ५७ चे वजन २८४ ग्रॅम भरते. नकली बरेचदा हलका असतो. वाण्याच्या काट्यावर घातला तरी संशय येतो. अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन घ्यावा हे उत्तम. आणि तेवढा पैसा नसेल तर नामांकित माईकची नक्कल घेण्याऐवजी साध्या कंपनीचा, पण स्वतःच्या नावाने विकला जाणारा स्वस्त माईक घ्यावा. गरीब असावे, पण खोटे असू नये. हे माईकलाही लागू आहे.

तिसरा माईक वरून, सगळ्या सेटवर नजर ठेवणारा. हा कंडेन्सर जातीचा, बारीक नळीसारखा. झांजा, टॉम, स्नेअर, सगळ्यांचा मिळून जो एकजीव आवाज होतो तो हा देतो. मोठ्या मैदानावर ह्याचा उपयोग आहे. बंदिस्त लहान सभागृहात मात्र त्याची गरज नसते, कारण झांजा आधीच सगळ्यांच्या डोक्यावर बसलेल्या असतात.

आणि टॉम? ते शेवटी. पैसे उरले तर. दोन टॉमच्या मध्ये एकच साधा डायनॅमिक माईक ठेवला तरी दोघांचे भागते.

"इतक्या थोड्या माईकांत कधी काम होते का?" असा संशय कुणाला येईल, त्यांना एक उदाहरण सांगतो. लेड झेपेलिन ह्या इंग्रज वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली आणि १९६९ च्या जानेवारीत बाहेर पडली. जॉन बॉनहॅम हा त्यांचा ड्रमवादक. त्याचा ढोल पहाड कोसळल्यासारखा ऐकू येतो. ध्वनिमुद्रक होता ग्लिन जॉन्स. त्याच्या नावाने पुढे जी पद्धत रूढ झाली, तिच्यात माईक तीन किंवा चारच. एक वर, एक जमिनीवरच्या मोठ्या टॉमच्या बाजूने, एक बेस ड्रमला, आणि लागला तर चौथा स्नेअरला. पहिले दोन माईक स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर, हा त्यातला नियम. हा स्टुडिओतला प्रकार, तिथे कर्ण्यांची शिट्टी नसते. म्हणून तो जसाच्या तसा मैदानावर आणता येणार नाही. पण धडा घेण्यासारखा आहे. तो आवाज प्रथम बॉनहॅमच्या हातात होता, नीट ताणलेल्या पानांत होता. माईकने तो फक्त झेलला.

शिट्टीचा उल्लेख आला, त्याचे गणितही सांगतो. रंगमंचावर जितके माईक उघडे, तितके कर्ण्यातून आलेला आवाज परत आत घेणारे कान जास्त. उघड्या माईकांची संख्या दुप्पट केली की, शिट्टी न वाजता मिळू शकणारा आवाज तीन डेसिबलने खाली आणावा लागतो. तीन डेसिबल म्हणजे ध्वनीची निम्मी शक्ती! आता हिशेब करा. तीन ऐवजी सात माईक ड्रमला लावलेत, तर त्याची किंमत कोण भरते? पुढे उभी असलेली गायिका. तिचा आवाज वाढवता येत नाही. आणि आपल्याकडे लोक शब्द ऐकायला बसलेले असतात. मागच्या सतरंजीवर बसलेल्या आजीबाईंना टॉमचे काही सोयरसुतक नसते. गाण्याचे बोल कळले नाहीत तर मात्र त्या उठून घरी जातात.

ढोलकीवाल्याचेही तेच. ड्रमच्या शेजारी ढोलकी बसवली की ढोलकीच्या माईकमध्ये स्नेअर शिरतो. नवा माईक घेण्याआधी ढोलकी चार हात दूर सरकवून पाहा. जागा बदलणे फुकट असते.

आता माईक लावायचे कसे? बेस ड्रमच्या पुढच्या पानाला बहुधा भोक असते. माईक त्यातून आत, साधारण मध्यापर्यंत घ्या. गोळ्याच्या जवळ नेला तर 'टक्' वाढते, भोकाशी आणला तर घुमारा वाढतो. त्या दोहोंमध्ये इंच-दोन इंच सरकवत ऐका. आत एक घोंगडी घडी करून, मागच्या पानाला हलकी टेकेल अशी ठेवली की आवाज लांबत नाही. स्नेअरचा माईक काठाच्या दोन बोटे वर, मध्याकडे रोखून तिरका धरा, आणि त्याची पाठ हाय-हॅटच्या झांजेकडे करा. ह्या जातीचे माईक पुढचे ऐकतात आणि पाठीमागचे फारसे ऐकत नाहीत. ती पाठ म्हणजे तुमचे फुकटचे हत्यार आहे. वरचा माईक स्नेअरपासून तीन-चार फूट वर, दांडीला घट्ट आवळून.

दोन माईक एकाच ढोलाला ऐकू लागले की आणखी एक गंमत होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एक मीटर जायला त्याला जवळजवळ तीन सहस्रांश सेकंद लागतात. स्नेअरचा ठोका जवळच्या माईकमध्ये आधी आणि वरच्या माईकमध्ये नंतर पोहोचतो. दोन्ही एकत्र झाले की कधी कधी एकमेकांना खातात आणि ढोल पत्र्याच्या डब्यासारखा ऐकू येतो. मिक्सरवर ध्रुव उलटवण्याचे बटण असेल तर ते दाबून पाहा. दोन्हीपैकी भरदार ऐकू येईल ते ठेवा. स्वस्त मिक्सरवर हे बटण नसते. तिथे वरचा माईक थोडा वरखाली करून पाहावा, किंवा तीन पिनांच्या केबलच्या एका टोकाला दोन आणि तीन नंबरच्या तारा उलट जोडून घ्याव्यात. अशा केबलला लाल चिकटपट्टी लावायला मात्र विसरू नका, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात तीच भुताटकी ठरेल.

"एवढी कटकट कशाला? ऑक्टोपॅड घेतला, वायर मिक्सरला जोडली, झाले!" असेही म्हणणारे आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. छोट्या घरगुती समारंभाला ऑक्टोपॅड सोयीचा, आटोपशीर आणि शेजाऱ्यांना सुखाचा. पण ज्या मुलाने चार-पाच वर्षे खऱ्या पानावर हात बसवला आहे, त्याच्या काठीखालचे बारकावे, हळू-मोठा आघात, काठावरचा टिचका, झांजेवरचा नुसता स्पर्श, हे त्याला खऱ्या सेटवर जास्त मोकळेपणाने दाखवता येते. आपल्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड, त्यांचे चिरंजीव बर्जोर, फ्रँको वाझ अशा वादकांनी ज्या तालवाद्यांना नाव मिळवून दिले, ती वाद्ये हाताने बोलणारी होती. तुमच्याकडे असा हात असेल तर तो झाकू नका.

आता पैशाची वाटणी. समजा तुमच्यापाशी शंभर रुपये आहेत. अर्थात शंभराच्या पटीतच समजायचे! त्यातले पहिले पंधरा ड्रमच्या नव्या पानांना आणि ती नीट ताणून घ्यायला द्या. फाटक्या, सैल पानाचा आवाज कितीही महाग माईकने सुधारत नाही. उलट दोष मोठा होऊन कर्ण्यातून ऐकू येतो. चाळीस बेस ड्रमच्या माईकला. वीस स्नेअरच्या माईकला. उरलेले पंचवीस चांगल्या केबल आणि घट्ट राहणारे स्टँड ह्यांना. ह्या शेवटच्या पंचविसाला लोक नाके मुरडतात. पण ऐन रंगात आलेल्या गाण्यात आवाज जातो तो सहसा माईक बिघडून नव्हे. केबलचा टाका सुटलेला असतो, किंवा स्टँडची मान लुळी पडून माईक पानावर आपटलेला असतो. वरचा कंडेन्सर पुढच्या हंगामाच्या मिळकतीतून घ्या. आणि साऊंड भाड्याने आणणार असाल तर आधी साऊंडवाल्याला विचारा, त्याच्याकडे कोणते माईक आहेत. जे त्याच्यापाशी आहे ते विकत घेण्यात शहाणपणा नाही.

विकत घेताना दुकानात 'हॅलो, हॅलो' म्हणून माईक पारखू नका. शक्य असेल तर एक रात्र तालमीला मागून आणा. बेस ड्रम वाजवा, शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. माईक बंद ठेवून ऐका, चालू करून ऐका. दोहोंत फरक कळला आणि तो तुम्हाला हवा होता तोच असेल, तर घ्या. नाही कळला तर पैसे खिशात राहू द्या.

शेवटी एक लक्षात असू द्या. माईक हा आवाज मोठा करण्यासाठीच असतो असे नाही. सार्वजनिक ठिकाणी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावू नये असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. सणासुदीच्या मोजक्या दिवशी तेवढी सवलत मिळते. दहापर्यंतच्या वेळातही शेजारच्या घरात कुणी आजारी असते, कुणी परीक्षेला बसलेले असते. ज्याला माईक नीट लावता येतो, त्याला कर्णे फार वाढवावे लागत नाहीत. बेस ड्रमचा ठोका पोटात जाणवावा, स्नेअरने मान डोलावी आणि गाण्याचा एकूण एक शब्द कळावा, इतके झाले की ध्वनिव्यवस्था उत्तम झाली. त्याला दोन माईक पुरले तर तिसरा पेटीतच राहू द्या. आणि ते पैसे हंगामाच्या अखेरीस ड्रमवाल्याच्या बिदागीत घाला.